हरित खरेदीची निविदा: मागणीपत्रापासून निर्लेखनापर्यंत

‘सदर साहित्य पर्यावरणपूरक असावे.’

विनिर्देशात (मालाच्या स्पेसिफिकेशनमध्ये) एवढं वाक्य घातलं की हरित खरेदी, म्हणजे पर्यावरणाला कमी हानी करणाऱ्या मालाची खरेदी, झाली, अशी समजूत बऱ्याच भांडार शाखांत पक्की बसलेली आहे. या वाक्याने काहीच होत नाही. पुरवठादार लेटरहेडवर ‘आहे’ असं लिहून देतो, समिती बरोबरची खूण करते, आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षक नुसतं ‘कशावरून?’ विचारतो तेव्हा धारिकेत (फाइलमध्ये) दाखवायला काही नसतं. याच्या उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची. अट इतकी आवळायची की त्यात एकच कंपनी बसते. मग तक्रार, फेरनिविदा, आणि तोवर मार्च उलटलेला.

दोन्हींचं मूळ एकच आहे. हरित अट लिफाफे उघडल्यावर बघू, असं आपण धरून चालतो. तोवर उशीर झालेला असतो. खाली क्रम दिला आहे तो जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय महाविद्यालय किंवा केंद्राच्या एखाद्या लहान कार्यालयात खरेदीची धारिका प्रत्यक्ष हलवणाऱ्या माणसासाठी. क्रम मोडू नका. पहिल्या टप्प्यातली चूक सातव्या टप्प्यात दुरुस्त होत नाही.

## टप्पा १: आपल्यावर नेमकं काय बंधनकारक आहे ते ठरवा

भारतात हरित शासकीय खरेदीचा असा एकच कायदा नाही. बंधनं विखुरलेली आहेत आणि सगळी सगळ्यांना लागू नाहीत. टिपणीला हात घालण्याआधी कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा.

पहिला रकाना: पर्यावरण कायद्याखालचे नियम. हे केंद्र, राज्य, ग्रामपंचायत, सर्वांना लागू. खरेदीशी थेट संबंध येणारे असे:

- प्लास्टिक: १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे. प्लास्टिकचे झेंडे, ताटं, पेले, चमचे, मिठाईच्या खोक्यावरचा पातळ कागद आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक, सगळं त्या यादीत आहे. महाराष्ट्रात राज्याची स्वतःची मार्च २०१८ ची अधिसूचना आणि तिच्या दुरुस्त्या वेगळ्या. प्लास्टिकचं अस्तर असलेले कागदी कप जुलै २०२२ मध्ये त्यांतूनच बंदीत आले. १५ ऑगस्टची मिठाई आणि सभेचा फलक ही ‘किरकोळ खरेदी’ म्हणून सुटते आणि नेमकी तिथेच चूक होते.
- राख: ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या इमारतीच्या बांधकामात राखेपासून बनलेल्या विटा, फरशा यांसारखी उत्पादनं वापरायची आहेत, मात्र त्यांचा दर पर्यायी मालापेक्षा जास्त नसेल तर. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, परळी, नाशिकजवळचं एकलहरे, एवढी केंद्रं नकाशावर मांडून ३०० किलोमीटरची वर्तुळं काढा. राज्यात बाहेर फार थोडं उरतं.
- बांधकामाचा राडारोडा: २०१६ च्या नियमांत शासकीय व महापालिका कंत्राटांत राडारोड्यापासून बनलेला माल ठरावीक प्रमाणात, साधारण १० ते २० टक्के, घेण्याची तरतूद आहे. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. तेव्हा निविदेची तारीख बघूनच नियमाचं नाव लिहा.
- ई-कचरा: २०२२ चे नियम, १ एप्रिल २०२३ पासून लागू. यांची गरज शेवटच्या टप्प्यात लागेल.

दुसरा रकाना: खरेदीचे नियम. केंद्राच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू. त्यातल्या नियम १७३ मध्ये विजेची उपकरणं ठरवून दिलेल्या किंवा त्याहून जास्त तारांकनाची (वीज बचतीनुसार लेबलवर दिलेल्या ताऱ्यांची) घ्यावीत, असं आहे. केंद्राच्या खरेदी पुस्तिकेप्रमाणे छताचा पंखा आणि पाणी तापवायचा गीझर ५ तारे, फ्रॉस्ट फ्री फ्रीज ४ तारे. स्प्लिट एसी एरवी ५ तारे, पण सभागृहासारख्या ठिकाणी वर्षाला १००० तासांपेक्षा कमी चालणार असेल तर ३ चालतात. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना मात्र उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदीची नियमपुस्तिका आणि तिच्या पुढच्या दुरुस्त्या लागू.

तिसरा रकाना: कोणी सांगितलेलं नाही, पण तुमचं कार्यालय स्वतःहून घालणार आहे अशा अटी.

> सावधान. जिल्हा परिषदेच्या धारिकेत ‘सामान्य वित्तीय नियम १७३ नुसार ५ तारे बंधनकारक’ असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे. ते चूक आहे. तो नियम केंद्राचा. राज्याच्या कार्यालयाने ५ तारे जरूर मागावेत, पण ती अट तिसऱ्या रकान्यातली आहे आणि तिचं समर्थन टिपणीत स्वतंत्रपणे द्यावं लागतं. चुकीच्या नियमाच्या आधारावर घातलेली योग्य अटसुद्धा तक्रारीत टिकत नाही.

## टप्पा २: मागणी तपासा

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नका. जडवस्तू संग्रह नोंदवही (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) उघडा, प्रत्यक्ष खोल्यांतून फिरा. गोदामात बंद पडलेले म्हणून ठेवलेले पंखे पुष्कळदा फक्त कपॅसिटर गेल्यामुळे बंद असतात. न घेतलेल्या पंख्यापेक्षा हरित पंखा दुसरा नाही, आणि त्याला निविदाही लागत नाही. एसीच्या बाबतीत इथेच वापराचे तास मोजून लिहून ठेवा. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या बैठकीचं सभागृह आणि दिवसभर चालणारी सर्व्हर खोली यांना एकच तारांकन मागणं म्हणजे एकीकडे जास्त पैसे घालणं किंवा दुसरीकडे कमी दर्जा घेणं.

## टप्पा ३: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यतेच्या आधी

सर्वाधिक धारिका इथे अडतात. अंदाजपत्रक मागच्या वर्षीच्या साध्या पंख्याच्या दराने करायचं, मान्यता घ्यायची, आणि मग विनिर्देशात ५ तारे लिहायचे. दर अंदाजापेक्षा जास्त येतात, समिती निविदा रद्द करते, पुढच्या वेळी तारे गळतात. ‘हरित माल महाग पडतो’ ही कार्यालयीन आख्यायिका अशीच जन्माला येते.

क्रम असा ठेवा: आधी विनिर्देशाचा कच्चा मसुदा, मग त्या मसुद्यावर किमान तीन ठिकाणांहून बाजारभाव, मग अंदाजपत्रक, मग मान्यता. बाजारभाव घेताना या अटीत किती उत्पादकांची किती मॉडेलं बसतात तेही नोंदवा. तीनपेक्षा कमी उत्पादक बसत असतील तर अट सैल करा किंवा इतकी कडक का हवी ते टिपणीत लिहा.

जादा किमतीचं समर्थन आकड्यांनी करा. नमुन्यादाखल ४० पंख्यांचं गणित. साधा १२०० मिलिमीटरचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रशविरहित) मोटरचा ५ तारे पंखा सुमारे ३०. फरक ४५ वॅट. दिवसाला ८ तास, वर्षाला २२० दिवस धरले तर:

४० × ४५ वॅट × ८ × २२० = ३१,६८,००० वॅट-तास, म्हणजे ३,१६८ युनिट.

युनिटचा दर १० रुपये धरला तर वर्षाला ३१,६८० रुपये वाचतात. एका पंख्यामागे १,४०० रुपये जादा मोजावे लागत असतील तर एकूण जादा खर्च ५६,००० रुपये, आणि तो दोन वर्षांच्या आतच वसूल होतो. यातला युनिटचा दर आणि किमतीतला फरक मी समजण्यासाठी धरला आहे. तुम्ही मागच्या वीजबिलातला आणि बाजारभावाच्या कागदावरचा घाला. हे अर्ध्या पानाचं गणित धारिकेत असेल तर लेखा शाखेचा निम्मा आक्षेप आधीच मिटतो.

विटांची तुलना करताना वेगळी काळजी. लाल वीट आणि राखेची वीट आकाराने सारखी नसते. हजार नगांचा दर शेजारी शेजारी ठेवून ‘राखेची महाग’ असा शेरा मारणं ही फसवी तुलना आहे. दर एक घनमीटर बांधकामाला, वाहतुकीसह जागेवर पोचलेला आणि सिमेंट-वाळूचा खर्च धरून काढा. ‘दर जास्त नसेल तर’ ही सूट वापरायची असेल तर हाच तक्ता तुमचा बचाव आहे. तक्त्याशिवाय लाल वीट वापरली तर बचाव नाही.

तपासा: मान्यतेच्या टिपणीत विनिर्देशाचा मसुदा जोडला आहे का? नसेल तर धारिका पुढे पाठवू नका.

## टप्पा ४: विनिर्देश

चांगल्या हरित अटीची एकच कसोटी: ती दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता, तपासली तर उत्तर एकच आलं पाहिजे. ‘पर्यावरणपूरक’, ‘निसर्गस्नेही’, ‘विघटनशील’, ‘कमी वीज खाणारा’ हे शब्द या कसोटीत नापास होतात.

पंख्यासाठी लिहा: छताचा पंखा, पात्यांचा व्यास १२०० मिलिमीटर, आयएस ३७४ या भारतीय मानकाप्रमाणे, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ५ तारे लेबल, पुरवठ्याच्या दिवशी वैध. शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. ताऱ्यांचे तक्ते दर काही वर्षांनी कडक होतात. १ जुलै २०२२ ला एसीचे तक्ते बदलले तेव्हा कालचा ५ तारे एसी एका रात्रीत ४ ताऱ्यांवर आला. छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२३ पासून. दुकानदाराकडचा जुना साठा कुठे खपतो? जिथे कोणी लेबलवरची मुदत वाचत नाही, तिथे. म्हणजे बहुतेकदा आपल्याकडे.

पिशव्या, कप वगैरेंसाठी ‘बायोडिग्रेडेबल’ लिहू नका. कंपोस्टेबल प्लास्टिक हवं असेल तर आयएस १७०८८ लिहा आणि उत्पादकाचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. त्याहून सोपं म्हणजे स्टीलचे पेले घ्या आणि विषय संपवा.

कागदासाठी दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) चिन्ह लाकूड कुठल्या जंगलातून आलं याबद्दल बोलतं. त्याचे प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकार म्हणजे पुनर्वापरित कागद नव्हे. तुम्हाला रद्दीपासून बनलेला कागद हवा असेल तर त्या लगद्याचं किमान प्रमाण टक्क्यांत लिहा. सोबत वजन, शुभ्रता आणि दोन्ही बाजूंनी छपाई यांच्या अटी लिहा, नाहीतर स्वस्त, पिवळट, प्रिंटरमध्ये अडकणारा कागद येतो आणि कार्यालय पुढची दहा वर्षं हरित कागदाचं नाव काढत नाही.

इकोमार्कबद्दल: मातीच्या मडक्याचं ते चिन्ह १९९१ पासून आहे. सप्टेंबर २०२४ च्या नव्या नियमांनी त्या योजनेची जागा घेतली. चिन्ह उत्तम, पण ‘इकोमार्क असलेलाच माल’ अशी अट घालण्याआधी टप्पा ३ मधली उत्पादकांची मोजणी बघा. निकष विनिर्देशात लिहा आणि पुरावा म्हणून ‘इकोमार्क किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा समतुल्य अहवाल’ असा पर्याय ठेवा. एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून विनिर्देश उचलू नका. तिथल्या शब्दांवरूनच प्रतिस्पर्धी कंपनी ओळखते की निविदा कोणासाठी लिहिली आहे.

## टप्पा ५: पुराव्याची यादी

प्रत्येक अटीसमोर एक पुरावा लिहा. जिच्यासमोर लिहिता येत नाही ती अट काढून टाका. पुराव्याची पायरी अशी: शासकीय नोंदणीत स्वतः पडताळता येणारी गोष्ट सर्वांत वर, जसं ब्युरोच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकाने दिसणारं तारांकन. त्याखाली एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, ज्यावर मॉडेल क्रमांक आणि तारीख असलीच पाहिजे. सर्वांत खाली पुरवठादाराचं स्वयंघोषणापत्र. संगणकातल्या शिसं, कॅडमियम यांच्या मर्यादेसारख्या, तुम्ही स्वतः मोजू शकत नाही अशा गोष्टींसाठी उत्पादकाचं घोषणापत्र चालतं, विक्रेत्याचं नाही.

## टप्पा ६: अट पोर्टलवर कुठे घालायची

जेमवर (केंद्राच्या शासकीय खरेदी पोर्टलवर) खरेदी करत असाल तर तारांकन, क्षमता वगैरे अटी त्या वर्गवारीच्या तांत्रिक मापदंडांतच निवडा. अतिरिक्त अटींच्या चौकटीत मजकूर टाकून काम भागवू नका. वर्गवारीच्या विनिर्देशाशी किंवा जेमच्या सर्वसाधारण अटींशी विसंगत असलेली अतिरिक्त अट रद्दबातल धरली जाते, आणि ‘आम्ही लिहिलं होतं की’ या म्हणण्याला मग अर्थ उरत नाही. मापदंडांत तुम्हाला हवी ती गोष्ट नसेल तर आधी वर्गवारी बरोबर निवडली आहे का ते बघा. बहुतेकदा चूक तिथे असते.

ई-निविदा असेल तर हरित अटी आणि पुराव्याची यादी तांत्रिक लिफाफ्याच्या तपासणी तक्त्यात एकेका ओळीने आल्या पाहिजेत. वीजखर्च धरून आयुष्यभराच्या खर्चावर तुलना करायची असेल तर सूत्र, युनिटचा दर, तास आणि वर्षं, सगळं निविदेतच छापा. नंतर सुचलेलं सूत्र कितीही शहाणपणाचं असलं तरी लावता येत नाही.

## टप्पा ७: तांत्रिक छाननी

इथे तुम्हाला काहीही नवीन ठरवायचं नाही. यादी हातात घ्या, पुरावा आहे का, वैध आहे का, मॉडेल तेच आहे का, एवढंच बघा. प्रमाणपत्र एका मॉडेलचं आणि दर दुसऱ्या मॉडेलचा, हा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सर्रास चालतो. संकेतस्थळावर पडताळलेल्या पानाची छापील प्रत तारखेसह धारिकेत लावा.

तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्यांचेच दर उघडतात आणि त्यांतला लघुत्तम घ्यावा लागतो. ‘दुसऱ्या क्रमांकाचा जास्त हरित आहे, थोडे पैसे जास्त देऊ’ हा मोह टाळा. तो जास्त हरितपणा हवा होता तर टप्पा ४ मध्ये लिहायचा.

## टप्पा ८: माल उतरवताना

पुरवठा आदेशात विनिर्देश पूर्ण उतरवा. ‘निविदेप्रमाणे’ एवढंच लिहिलेला आदेश भांडारपालाच्या कामाचा नसतो, कारण निविदा त्याच्याकडे नसते.

मी एकदा एका कार्यालयात मदतीला गेलो असताना पंख्यांचे खोके उघडले. खोक्यावर ५ तारे, आतल्या पंख्यावर लेबलच नाही. पुरवठादार म्हणाला, ‘साहेब, लेबल पाठवून देतो, तुम्ही लावून घ्या.’ भांडारपालाने शांतपणे नोंदवहीत ‘माल स्वीकारला नाही’ असं लिहिलं आणि टेम्पो परत पाठवला. त्या दिवशी त्यांच्याकडे आदेशाची पूर्ण प्रत होती म्हणूनच ते जमलं.

नमुना म्हणून काही नग उघडून बघा:

- लेबल वस्तूवर आहे, मॉडेल क्रमांक आदेशाशी जुळतो, लेबलची मुदत चालू आहे.
- वॅटमीटर असेल तर एक पंखा पूर्ण वेगात लावून आकडा घ्या. साधं वॅटमीटर महाग नसतं.
- विटांच्या बाबतीत ट्रकमधून नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत देयक रोखा.
- वेष्टनात थर्माकोल आणि प्लास्टिकचा ढीग आला असेल आणि तो परत नेण्याची अट असेल, तर त्याच टेम्पोतून पाठवा. उद्या कोणी येत नाही.

## टप्पा ९: जुना माल

नवीन आला की जुना जिन्याखाली जातो आणि काही महिन्यांनी भंगारवाल्याकडे. पंखे, संगणक, प्रिंटर, एसी हा ई-कचरा आहे. तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. तुमच्या कार्यालयात अशी हजाराहून कमी उपकरणं असतील तर तुम्ही नियमाच्या व्याख्येत ‘घाऊक ग्राहक’ ठरत नाही. पण म्हणून गल्लीतल्या भंगारवाल्याला संगणक देण्याचा परवाना मिळत नाही.

केंद्राच्या कार्यालयांना नियम १७६ खाली जुना माल परत देऊन नवा घेण्याची सोय आहे. राज्याच्या कार्यालयांनी आपल्या नियमपुस्तिकेतली तरतूद बघून जुन्या मालाची यादी, वय आणि स्थिती निविदेतच द्यावी. नंतर स्वतंत्र लिलाव करणार असाल तर बोलीदाराची नोंदणी ही पात्रतेची अट ठेवा, किंमत नंतर.

वाहनांचं वेगळं आहे. १५ वर्षं पूर्ण झालेल्या शासकीय वाहनाची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही. ते नोंदणीकृत मोडीत काढण्याच्या केंद्रातच द्यायचं. अंगणातल्या जुन्या जीपचं निर्लेखन (नोंदवहीतून कमी करणं) त्यामुळे लांबवू नका. दर पावसाळ्यात तिची किंमत उतरते.

निर्लेखनाच्या आदेशाला पुनर्चक्रण करणाऱ्याची पावती आणि नोंदणी क्रमांक जोडा, जडवस्तू नोंदवहीत त्या ओळीसमोर पावतीचा क्रमांक लिहा, आणि तीच पावती नव्या खरेदीच्या धारिकेतही लावा. लेखापरीक्षक दोन्ही धारिका एकाच दिवशी मागतो.